पिंजऱ्याचे माप

प्रयोगशाळेचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणती लस कोणत्या वर्षी सिद्ध झाली, कोणत्या जीवनसत्त्वाचा शोध कोणी लावला, हे आपण आवडीने वाचतो. ज्या प्राण्याच्या देहावर तो शोध उभा राहिला त्याला त्या वृत्तांतात एखादे वाक्य मिळते. तो प्राणी प्रयोगाच्या आधी आणि नंतर कोठे राहत होता, किती जागेत, कोणाच्या सोबतीने, उजेडात की अंधारात, याविषयी मात्र बहुतेक ग्रंथ मौन पाळतात. वास्तविक सुई टोचण्यास काही क्षण पुरतात. प्राण्याचे बाकीचे सारे आयुष्य पिंजऱ्यात जाते. म्हणून त्या पिंजऱ्याचा, म्हणजे प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या निवासासाठी माणसाने घालून घेतलेल्या नियमांचा, इतिहास येथे संक्षेपाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय रूक्ष वाटेल. तथापि या इतिहासाचे काही महत्त्वाचे अध्याय मुंबईत, कुन्नूरला आणि हैदराबादेत लिहिले गेले आहेत, आणि त्याचा शेवटचा धागा आपल्यापैकी कोणाच्याही हाती येऊ शकेल असा आहे.

प्रारंभीच शब्दांचा एक खुलासा करतो. मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांस लावला जातो. प्रयोगशाळेत मात्र वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा लहान प्राणी वेगळा आणि तीन-चारशे ग्रॅमचा मोठा प्राणी वेगळा. या लेखापुरते लहानाला आम्ही मूषक आणि मोठ्याला उंदीर म्हणू.

पहिला कायदा आणि त्याचे मौन

प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन करणारा पहिला कायदा इंग्लंडमध्ये १८७६ साली झाला. प्रयोग करणाऱ्यास परवाना हवा, प्राण्यास बधिर करावे, सरकारी निरीक्षकाने पाहणी करावी, अशा त्यातील तरतुदी होत्या. त्या काळाच्या मानाने हे मोठेच पाऊल होते, आणि पुढे १९८६ पर्यंत, म्हणजे एकशे दहा वर्षे, तोच कायदा तेथे चालू राहिला. परंतु त्याची सारी दृष्टी शस्त्रक्रियेच्या मेजावर खिळलेली होती. वेदना म्हणजे सुरीची वेदना, असा त्यामागचा समज होता. मेजावरून उतरल्यावर प्राणी कोणत्या खोक्यात जातो, याचा विचार कायद्याने शास्त्रज्ञांच्या सदसद्विवेकावर सोपविला होता.

पिंजऱ्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम गेले ते दयेपोटी नव्हे, गरजेपोटी. याचे एक ठळक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे.

परळचे प्रयोग

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. लस होती, पण प्लेग एका देहातून दुसऱ्या देहात नेमका जातो कसा, हा प्रश्न सुटला नव्हता. हवेतून, स्पर्शातून, अन्नातून, की जमिनीतून? घरे रिकामी करणे, सामान जाळणे, भिंती धुऊन काढणे, असे कठोर उपाय त्या अज्ञानातच योजले जात होते, आणि लोकांचा क्षोभही त्यातूनच उसळला होता.

१९०५ साली प्लेगच्या संशोधनासाठी एक आयोग मुंबईत कामास लागला. त्याने परळला सहा छोटी घरे मुद्दाम बांधून घेतली. साध्या वस्तीतील घरांसारखी ही घरे एकमेकांशी मिळतीजुळती होती. फरक मुख्यतः छपरांचा होता. कौलांच्या फटींत उंदीर सुखाने घर करतात, पत्र्याखाली त्यांना थारा मिळत नाही, हे त्यामागचे गणित होते. या घरांत गिनीपिग ठेवण्यात आले. मोकळे सोडलेले गिनीपिग पिसवा गोळा करण्याचे जिवंत सापळेच ठरत. पुढे काही पिंजऱ्यांभोवती बारीक जाळी लावण्यात आली, काहींच्या भोवती चिकट कागदाचा पट्टा पसरण्यात आला, आणि काही पिंजरे जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर टांगण्यात आले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांस प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेले वाचले. हवा तर दोघांनाही तीच होती. मग फरक कशाचा? उंदरावरची पिसू उडी मारून जेवढ्या उंचीवर पोहोचते तेवढाच तो फरक होता.

या प्रयोगांत प्राण्यांचे हाल झाले, हे लपविण्यात अर्थ नाही. लाखो माणसे मरत असताना त्याची चिकित्सा कोणी केली नाही, आणि आज आपण ती सहजपणे करावी असेही आम्हांस वाटत नाही. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. पिंजरा जमिनीपासून किती उंच, त्याची जाळी किती बारीक, वरचे छप्पर कशाचे, या क्षुल्लक दिसणाऱ्या तपशिलांनीच येथे उत्तर दिले. प्राण्याचा निवास हा प्रयोगाचाच एक भाग असतो, ही गोष्ट परळच्या त्या घरांनी निर्विवाद दाखवून दिली.

कुन्नूरची उंदीरशाळा

त्याच सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत पांढऱ्या उंदरांची पद्धतशीर पैदास सुरू झाली होती. सर्व प्रयोगांसाठी एकाच घडणीचे, एकाच कुळातील निरोगी प्राणी मिळावेत, हा तिचा हेतू. त्या अनुभवावर आधारलेला, पांढऱ्या उंदरांच्या संगोपनाविषयीचा ग्रीनमन आणि ड्यूरिंग यांचा ग्रंथ १९२३ साली निघाला. खोल्यांची रचना, पिंजऱ्यांची स्वच्छता, आहार, हाताळणी असा संसार त्यात मांडला आहे. उंदीर हा आता अडगळीत पाळण्याचा प्राणी राहिला नव्हता; त्याच्यासाठी इमारती उभ्या राहत होत्या.

आपल्याकडे हे काम नीलगिरीच्या थंड हवेत झाले. कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत १९१८ पासून रॉबर्ट मॅकॅरिसन यांचे आहारविषयक संशोधन चालू होते. हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे शरीरसामर्थ्य वेगळे का, हा त्यांना पडलेला प्रश्न. त्यांनी एकाच वयाच्या, समान वजनाच्या उंदरांचे सात गट केले आणि प्रत्येक गटास एकेका समाजाचा आहार सुमारे ऐंशी दिवस दिला. शेवटी वजने केली तेव्हा शिखांच्या आहारावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले, त्याखालोखाल पठाणांच्या आहारावरचे, आणि तिसऱ्या क्रमांकावर २२५ ग्रॅमचे ‘मराठा’ उंदीर. मद्रासी आहारावरचे सर्वांत खाली, १५५ ग्रॅमवर राहिले. आपल्या भाकरी-कालवणाची अशी परीक्षा झाली होती, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस नवे वाटेल.

पण या प्रसिद्ध प्रयोगाला वजन आले ते कशामुळे? सातही गटांची राहणी सारखी होती. जागा, स्वच्छता, ऊन, हवा यांत भेद नव्हता. म्हणून जो फरक पडला तो आहाराचाच, असे मॅकॅरिसन निःशंकपणे म्हणू शकले. एखाद्या गटास ओली, कोंदट जागा मिळाली असती तर सारी मांडणी कोसळली असती. मूळ पैदाशीच्या उंदरांस तर ते उत्तम आहार आणि उत्तम निवास दोन्ही देत. १९३६ साली लंडनला दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी सांगितले की, सव्वादोन वर्षांत त्या शाळेतील एकही प्रौढ उंदीर नैसर्गिक रोगाने दगावला नव्हता. शेजारी त्याच काळात माणसांची बालके किती दगावत होती, हे आठवले म्हणजे या वाक्यातील दुखरी बाजू कळते.

हीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आली. प्रयोगासाठी प्राणी पैदा करून देशभर पुरविणारे आणि त्यांची निगा राखण्याचे शिक्षण देणारे केंद्रही तेथेच वाढले. हैदराबादेतील आपल्या जुन्या कुटुंबांना तारनाक्याची ती इमारत रस्त्यावरून तरी परिचयाची असेलच.

दयेला शास्त्राची जोड

इंग्लंडमध्ये चार्ल्स ह्यूम यांनी १९२६ साली लंडन विद्यापीठाच्या परिसरात प्राणिकल्याणासाठी एक संस्था स्थापिली. प्रयोग सर्वस्वी बंद करा म्हणणारे आणि प्रयोगांत कोणी लक्षच घालू नये म्हणणारे, अशा दोन छावण्या तेव्हा एकमेकींवर तुटून पडत होत्या. ह्यूम यांनी तिसरा मार्ग धरला. प्राण्यास काय सुखाचे आणि काय दुःखाचे हे भावनेने ठरविण्यापेक्षा अभ्यासाने ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. या संस्थेने १९४७ मध्ये प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या निगेविषयी एक हस्तपुस्तिका काढली. तिच्या आवृत्त्या पुढे निघत राहिल्या आणि पिंजरा, बिछायत, तापमान, हाताळणी यांविषयीची जगभरची प्रमाणे घडण्यास तिचा मोठा आधार झाला. याच संस्थेच्या प्रेरणेने रसेल आणि बर्च यांनी केलेला अभ्यास १९५९ साली ग्रंथरूपाने आला. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, वापरावयाचे झाल्यास संख्या कमी ठेवावी, आणि जे प्राणी वापरू त्यांचे क्लेश कमी करावेत, ही त्यांची त्रिसूत्री आज सर्वमान्य आहे. निवासाचा प्रश्न तिसऱ्या सूत्रात येतो.

माकडांचा प्रवास आणि आपला कायदा

याच काळात भारताचे नाव या इतिहासात एका दुःखद कारणाने येते. पोलिओची लस माकडाच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढवीत. त्यासाठी उत्तर भारतातील लाल तोंडाची माकडे हजारोंनी पकडून विमानांतून अमेरिकेस आणि युरोपात पाठविली जात. १९५५ च्या प्रारंभी लंडनच्या विमानतळावर अशा एका खेपेतील सुमारे चारशे माकडे बंद गाडीत गुदमरून मेली. भारतात संतापाची लाट उसळली आणि सरकारने निर्यात काही काळ थांबविली. पुढे ती सुरू झाली ती अटींवर: माकडे वैद्यकीय संशोधनासाठी आणि लसनिर्मितीसाठीच वापरावीत. या अटी अण्वस्त्रविषयक प्रयोगांत मोडल्या गेल्याच्या बातम्या आल्यानंतर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ मध्ये निर्यात कायमची बंद केली.

१९५५ च्या त्या घटनेआधीच राज्यसभेत एक निराळी हालचाल सुरू झाली होती. नृत्यकलेच्या क्षेत्रात कीर्ती मिळविलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या होत्या. त्यांनी प्राण्यांशी होणाऱ्या क्रौर्याविरुद्ध खाजगी विधेयक मांडले. पंतप्रधान नेहरूंनी हस्तक्षेप करून सरकार स्वतः असा कायदा आणील असे आश्वासन दिले, आणि त्यातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जन्मास आला.

हा कायदा निवासाच्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्याच्या अकराव्या कलमात क्रौर्याची जी यादी आहे तीत प्राण्यास पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या कमी उंचीच्या, लांबीच्या किंवा रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हा म्हटला आहे. म्हणजे पिंजऱ्याची तिन्ही मापे भारतीय कायद्याने प्रारंभीच नोंदविली. चौदावे कलम ज्ञानवृद्धीसाठी होणाऱ्या प्रयोगांस मोकळीक देते; परंतु लगेच पुढची कलमे एका समितीची तरतूद करतात, आणि प्रयोगापूर्वी, प्रयोग चालू असताना व प्रयोगानंतर प्राण्यास अनावश्यक वेदना होऊ नयेत हे पाहण्याचे कर्तव्य तिच्यावर टाकतात. १८७६ च्या इंग्रजी कायद्याचे लक्ष मेजापाशी थांबले होते. ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांनी आमच्या कायद्याने पिंजऱ्याचे दार उघडून आत पाहिले.

दार उघडले, पण आत जाण्यास वेळ लागला. समिती १९६४ मध्ये स्थापन झाली. प्रयोगविषयक पहिले नियम १९६८ मध्ये आले. तथापि प्रत्येक प्रयोगशाळेची नोंदणी, प्रत्येक संस्थेत नैतिक समिती आणि प्राणिगृहांची नियमित पाहणी ही व्यवस्था १९९८ च्या नियमांनंतरच रूढ झाली.

तक्त्यातील आकडे

अमेरिकेत प्राणिगृहांच्या चालकांनीच एकत्र येऊन १९६३ साली एक मार्गदर्शिका काढली. कायदा मात्र लोकक्षोभातून आला. १९६५ मध्ये पेपर नावाची एक पाळीव कुत्री चोरीस जाऊन एका रुग्णालयाच्या प्रयोगात मेली. पुढल्या वर्षी ‘लाइफ’ नियतकालिकाने कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांकडील उपासमार झालेल्या प्राण्यांची छायाचित्रे छापली. आणि १९६६ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. त्यात कुत्रे, मांजर, माकड, ससा, गिनीपिग आणि हॅमस्टर आले. उंदीर आणि मूषक आले नाहीत. २००२ मध्ये तर प्रयोगासाठी पैदा केलेले उंदीर, मूषक व पक्षी हे त्या कायद्याच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले. प्रयोगशाळांत ज्यांची संख्या सर्वाधिक, तेच कायद्याच्या दृष्टीने प्राणी नव्हेत! त्यांच्यासाठी उरली ती मार्गदर्शिका.

त्या मार्गदर्शिकेतील आकडे जगभर पसरले आणि आपल्या समितीच्या तक्त्यातही उमटले. पंचवीस ग्रॅमहून जड मूषकास गटात राहताना ९६.७ चौरस सेंटिमीटर जागा द्यावी, असे ते सांगतात. आपले टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड याहून मोठे असते. तीनशे ते चारशे ग्रॅमच्या उंदरास २५८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे डेमी आकाराच्या पुस्तकाच्या एका पानाहून थोडे कमी. सशास उंचीला सोळा इंच. ससा कान उभे करून मागल्या पायांवर बसतो तेव्हा त्याला किती उंची लागते, हे ज्याने परसात ससे पाळले आहेत त्याला सांगावयास नको.

युरोपने २०१० च्या निर्देशात हे गणित थोडे पुढे नेले. प्रत्येक प्राण्यास किती जागा, याबरोबरच पिंजरा मुळात किती मोठा असावा, हे त्यांनी ठरविले. मूषकांसाठी निदान ३३० आणि उंदरांसाठी निदान ८०० चौरस सेंटिमीटर. माकडांच्या बाबतीत फरक सर्वांत मोठा. दहा किलोपर्यंतच्या माकडास अमेरिकी तक्ता सुमारे ०.४ चौरस मीटर जमीन देतो. युरोपीय निर्देश लाल तोंडाच्या माकडांसारख्या माकडांचा पिंजरा दोन चौरस मीटरांहून लहान आणि १.८ मीटरांहून बुटका असू नये असे म्हणतो. झाडावर चढणाऱ्या प्राण्याचे घर जमिनीच्या क्षेत्रफळाने मोजता येत नाही, ही साधी गोष्ट नियमात उतरण्यास इतकी वर्षे लागली.

पिंजऱ्याने बदललेले सत्य

तक्त्यांचा एक दोष असा की ते किमान सांगतात आणि व्यवहारात किमान हेच कमाल होऊन बसते. दुसरा दोष अधिक खोल आहे. जागा मोजली, पण त्या जागेत काय आहे हे मोजले नाही. गुळगुळीत, रिकामी, धुण्यास सोपी पेटी ही प्राणिगृहाच्या चालकाची सोय असते. ती प्राण्याच्या मेंदूचे काय करते?

माँट्रिअलचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी काही उंदीर आपल्या घरी मुलींना पाळावयास दिले. १९४७ मध्ये त्यांनी नोंदविले की घरात हिंडलेले हे उंदीर प्रयोगशाळेतील भावंडांपेक्षा कोडी अधिक लवकर सोडवितात. १९६० च्या दशकात बर्कले येथे रोझेनझ्वाइग, क्रेच, बेनेट आणि मारियन डायमंड यांनी आणखी पुढे जाऊन दाखविले की, सोबती, खेळणी आणि चढउतार असलेल्या पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्य पटल एकांतातील उंदरांच्या मानाने जाड आणि जड भरते. याचा अर्थ असा की, ज्याला आजवर ‘सामान्य’ उंदीर समजून त्याच्यावरून माणसाविषयी अनुमाने काढली गेली, तो वास्तविक खुरटलेला उंदीर होता.

उष्णतेचेही तसेच. मूषकास ऊब टिकविण्यासाठी जादा ऊर्जा खर्च करावी न लागणारे तापमान सुमारे तीस अंश असते. प्रयोगशाळा मात्र बहुधा वीस ते सव्वीस अंशांत राखल्या जातात, कारण अंगावर झगा चढवून काम करणाऱ्या माणसाला ते सुखाचे वाटते. परिणामी जगातील कोट्यवधी मूषक आयुष्यभर थोडे थोडे कुडकुडत असतात. २०१३ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी दाखविले की, तीस अंशांत ठेवलेल्या मूषकांत कर्करोगाच्या गाठी थंडीतल्या मूषकांपेक्षा सावकाश वाढतात. औषधाची परीक्षा चालली आहे असे समजावे, आणि प्रत्यक्षात परीक्षा थंडीची व्हावी, असा हा प्रकार. यावर उपाय फार खर्चाचा नाही. मूषकास कागदाच्या चिंध्या किंवा मऊ गवत पुरेसे दिले तर तो स्वतःच घरटे करतो आणि आपली ऊब आपण सांभाळतो. हाताळणीही अशीच. मूषक शेपटीने उचलण्याची रीत शंभर वर्षे चालली. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी सिद्ध केले की ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले मूषक कितीतरी कमी भितात.

हे वाचून कोणी म्हणेल, सगळीकडे एकच पिंजरा, एकच आहार, एकच वेळ ठेवावी म्हणजे झाले. तसाही प्रयोग झाला आहे. १९९९ साली पोर्टलंड, अल्बनी आणि एडमंटन येथील तीन प्रयोगशाळांनी एकाच कुळांतील मूषकांवर, एकाच दिवशी, एकाच वेळी, सारख्याच उपकरणांनी चाचण्या घेतल्या. तरीही काही निष्कर्ष शहरागणिक वेगळे निघाले. जागा बदलली की जीव बदलतो. पिढ्यानुपिढ्या परमुलखात बिऱ्हाड थाटून राहिलेल्या आपल्या कुटुंबांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या हाती काय?

आता तो शेवटचा धागा. भारतीय नियमांप्रमाणे प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत एक नैतिक समिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, प्राणिगृहाचा प्रमुख असतो. आणि यांखेरीज विज्ञानाबाहेरचा, समाजाची जाण असलेला एक सदस्य असावा, असे नियमच सांगतात. प्राणिगृहाची पाहणी हे या समितीचे काम आहे. हैदराबाद, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, गोवा, जेथे जेथे आपली मंडळे आहेत तेथे वैद्यकीय किंवा औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या मागच्या अंगणात एखादे प्राणिगृह आहे. निवृत्त शिक्षक, वकील, ग्रंथपाल अशा मंडळींस या जागेसाठी विचारणा होते. पुष्कळ जण ‘आम्हांला त्यातले काय कळते’ म्हणून नकार देतात, किंवा स्वीकारून मागे बसतात आणि कागदावर सही करून येतात.

आमच्या मते ही जागा रिकामी राहता कामा नये, आणि तेथे बसणाऱ्याने गप्पही राहू नये. औषधाची मात्रा बरोबर की चूक, हे त्याला कळणार नाही. ते त्याचे कामही नाही. परंतु घर कशाला म्हणावे हे प्रत्येकाला कळते. समितीच्या मार्गदर्शनानुसार तापमान अठरा ते एकोणतीस अंशांत असावे. तेव्हा हैदराबादच्या मे महिन्यात दुपारी वीज गेली तर त्या खोलीत काय होते, हे त्याने विचारावे. उंदीर निशाचर आहे; रात्री त्याच्या खोलीत दिवा कोण विझवितो, हे विचारावे. रविवारी आणि दिवाळीच्या सुटीत पाणी कोण घालते? तो माणूस कायम नोकरीत आहे की रोजंदारीवर, आणि त्याला या कामाचे शिक्षण मिळाले आहे काय? एकटा ठेवलेला प्राणी एकटा का आहे? घरट्यासाठी चिंधी का नाही? आणि प्रत्येक पिंजऱ्यापुढे एकदा तरी खाली वाकून, प्राण्याच्या उंचीवरून, आत पाहावे.

हे प्रश्न प्रयोगाच्या आड येणारे नाहीत. परळच्या छोट्या घरांपासून कुन्नूरच्या उंदीरशाळेपर्यंतचा सारा इतिहास हेच सांगतो की, पिंजरा नीट असेल तरच त्यातून निघणारे उत्तर विश्वासार्ह असते. प्राण्यांवरील प्रयोग कधीकाळी पूर्ण थांबतील की नाही, याविषयी प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते राहोत. पण ज्या जिवाला आपण आपल्या औषधासाठी कोंडले आहे, तो तेथे असेतोवर त्याची जागा बरी असावी, याविषयी मतभेदाला फारसा वाव नाही. आपल्या घरातील प्रत्येक लसीत, प्रत्येक गोळीत त्याचा वाटा आहे. त्या वाट्याच्या मोबदल्यात पोस्टकार्डाएवढी जमीन देऊन आपण ऋणमुक्त झालो, असे निदान आम्हांस तरी म्हणवत नाही.